गँग नंबर सातची बनाबाई

बनाबाई खरात पहिल्यांदा आमच्या कॉलेजात आल्या, तेव्हा शिपायानं त्यांना प्रवेशाच्या रांगेत उभं केलं होतं. जून महिना, चौऱ्याण्णव साल. पुढंमागं बारावीची पोरं आणि मधे छप्पन वर्षांची ही बाई, कासोट्याचं लुगडं, हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र. वीस मिनिटांनी नंबर लागला. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "कला की वाणिज्य?"

"मला दगडाच्या सरांकडं जायाचंय," बनाबाई म्हणाल्या.

ते दगडाचे सर म्हणजे मी, उदयसिंह. सांगलीत इतिहास शिकवतो. सुट्टी लागली की स्कूटर काढायची आणि सातारा-सांगलीच्या गावांतून वीरगळ शोधत हिंडायचं, हा माझा नाद. लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीला गावानं उभारलेला कोरीव दगड म्हणजे वीरगळ. पोरं माझ्या पाठीमागं मला दगड सर म्हणतात हे मला ठाऊक होतं. ते नाव कारकुनालाही ठाऊक आहे हे त्या दिवशी कळलं, कारण त्यानं त्यांना काहीएक न विचारता थेट माझ्या खोलीत आणून सोडलं. रांगेत मागं राहिलेली सून दीक्षा धावत धावत आली.

बनाबाईंनी टेबलावर वर्तमानपत्र उलगडलं आणि एका फोटोवर बोट ठेवलं. "ह्यो आमचा ईर हाय."

तो लेख माझाच होता. युरोपातल्या एका शहरातल्या छोट्या संग्रहालयाचं सूचीपुस्तक माझ्या हाती लागलं होतं. त्यात एका वीरगळाचा फोटो आणि खाली एवढंच: पश्चिम भारत, बारावे शतक, मूळ ठिकाण अज्ञात. कोरीवकाम बघून मला वाटत होतं की हा दगड आपल्याच भागातला असावा. म्हणून आमच्या इथल्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत फोटो छापून मी विचारलं होतं की कुणी हा दगड ओळखतं का. सत्तावीस पत्रं आली. सतरा गावांनी दगड आपलाच असल्याचं छातीठोक सांगितलं होतं. एकानं तर तो अजूनही आमच्या वेशीत उभा आहे, या आणि बघा, असंही लिहिलं होतं.

त्यामुळं मी जरा सावधच होतो. "कशावरून म्हणता मावशी?"

"ह्या खाचांवरून." त्यांनी दगडाच्या डाव्या कडेवर बोट फिरवलं. तिथं पाच आडव्या खाचा होत्या. चार एका दिशेनं उतरत्या आणि पाचवी उलटी. सूचीपुस्तकात त्यांच्याबद्दल बरंच लिहिलं होतं. या खाचा म्हणजे एखाद्या विधीच्या खुणा असाव्यात, पाच म्हणजे पंचमहाभूतं असावीत, आणि उलटी खाच मृत्यूनंतरच्या प्रवासाची असावी, असा तिथल्या अभ्यासक बाईंचा कयास होता. मी स्वतः तो वाचून मान डोलावली होती.

"ह्ये इळं पाजवल्याचं हाय," बनाबाई म्हणाल्या. "शेताला जाताना ओढ्याकाठी आमी तिथं टेकायचो. दगडावर पाणी मारायचं आन इळा घासायचा. ही वरची माजी, ही भामाबाईची, ही सुलाबाईची, ही माज्या सासूची. आन ही उलटी रंगुबाईची."

"उलटी का?"

"ती डावरी हाय की."

मी खुर्चीत मागं टेकलो. एवढी सरळ गोष्ट. दीक्षा पदर तोंडाला लावून हसत होती. तिच्यामुळंच हे सगळं घडलं होतं. प्रशांत, म्हणजे बनाबाईंचा मुलगा, कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा. तिथंच भाड्याच्या खोलीत त्यांचा संसार होता. बनाबाई सुगी संपली की गावाहून यायच्या. दुपारी भांडीकुंडी आटपली की दीक्षा त्यांना पेपर वाचून दाखवायची. वाचता येत नसलं तरी बनाबाई पेपर आधी सगळा नजरेखालून घालायच्या, फोटो बघायच्या आणि मग कुठली बातमी वाचायची ते ठरवायच्या.

त्या दिवशी चहा मागवला आणि बनाबाईंनी सगळं सांगितलं.

त्यांचं सासर खडकुली. कोरेगावच्या पुढं, सडक संपून वाट डोंगराला भिडते तिथं ओढ्याच्या दोन बाजूंनी पसरलेलं गाव. या बाजूला वरची आळी, त्या बाजूला बौद्धवस्ती, आणि मधे ओढ्याच्या उतारावर छातीइतका उंच हा ईर. वरच्या आळीची माणसं दसऱ्याला त्याला गुलाल लावायची. वस्तीनं छप्पनच्या पुढच्याच वर्षी धम्म घेतला आणि देवदेव सोडले. बनाबाई तेव्हा नवी नवरी होत्या.

"आमी देव सोडलं," त्या म्हणाल्या, "पर ह्यो काय देव नव्हता. वाटंवरचा माणूस व्हता त्यो. कुणासाठी तरी लढला आन मेला. येताजाता दिसायचा. त्येला काय सोडायचं?"

एकोणीसशे त्र्याऐंशी साली, भरदुपारी, एक टेम्पो आला. तीन माणसं होती, इस्त्रीचे कपडे, एकाच्या खिशाला दोन पेनं. आम्ही सरकारचे, हा दगड साताऱ्याच्या संग्रहालयात न्यायचा आहे, लोक तिकीट काढून बघतील, गावाचं नाव होईल, असं त्यांनी सांगितलं. सरपंच लालासाहेबांनी त्यांना चहा पाजला. गावातल्या आठ गड्यांनी दोर लावून दगड उपटला आणि टेम्पोत चढवला. दगड घासू नये म्हणून खाली काहीतरी मऊ पाहिजे, असं एकजण म्हणाला.

"मी माजी वाकळ दिली," बनाबाई म्हणाल्या. "चांगली, नवी व्हती. म्हटलं, लांब चाललाय बिचारा."

वर्षभरानं त्या कुणाच्या तरी लग्नाला साताऱ्याला गेल्या. मुद्दाम वाट वाकडी करून संग्रहालयात गेल्या आणि आमचा ईर कुठं ठेवलाय म्हणून विचारलं. तिथल्या माणसानं सगळ्या खोल्या हिंडून दाखवल्या. असा दगड इथं कधी आलाच नाही, असं त्यानं सांगितलं. गावात येऊन त्यांनी हे सांगितलं तर कुणाला फारसं काही वाटलं नाही. लालासाहेब म्हणाले, "गेला तर गेला, दगडच व्हता." पोलिसांत गेल्या तर तिथं हसू झालं. दगड चोरीला गेलाय म्हणून तक्रार घेऊन आलेली बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी.

"आन सर, मला सारखं वाटायचं," त्या कप खाली ठेवत म्हणाल्या, "की चोराला वाकळ मीच दिली."

मी त्याच संध्याकाळी त्या संग्रहालयाला पत्र लिहायला बसलो. खाचांची सगळी हकीकत इंग्रजीत लिहिली. 'डावरी' शब्दापाशी उगाचच थोडा वेळ थांबलो, कारण तिथल्या अभ्यासक बाईंचा पंचमहाभूतांचा डोलारा त्या एका शब्दानं कोसळणार होता.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. फार सभ्य होतं. आपली हकीकत रोचक आहे, पण खाचांचा फोटो छापलेला असल्यानं त्यांच्याविषयी कुणीही काहीही सांगू शकतं. दगड आम्ही रीतसर विकत घेतलेला आहे. आमच्या छापील फोटोत दिसत नाही असं काही आपल्या साक्षीदारांना माहीत आहे का? खाली सही होती मार्टा नावाच्या त्याच अभ्यासक बाईंची.

मी स्कूटर काढून कुपवाडला गेलो. बनाबाई दारात प्रियदर्शनीला, म्हणजे चार महिन्यांच्या नातीला, पायावर घेऊन अंघोळ घालत होत्या. मी पत्राचा मतलब सांगितला. त्यांनी पोरीच्या डोक्यावर तांब्या ओतला आणि म्हणाल्या, "मग पाठीमागचं सांगा की त्यास्नी."

"पाठीमागं काय आहे?"

"गँग सात."

बहात्तरच्या दुष्काळात खडकुलीपासून घाटापर्यंत सडकेचं काम निघालं होतं. बनाबाई खडी फोडायला होत्या. सातव्या नंबरची गँग ओढ्यापासून सुरू व्हायची. गँगांची हद्दीवरून रोज भांडणं व्हायला लागली, तेव्हा मुकादमानं अर्जुना पाथरवटाला सांगितलं की ह्याच दगडावर नंबर घाल, म्हणजे कटकट मिटेल. अर्जुनानं पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर छिन्नीनं खोदलं: गँग ७.

"अहो मावशी, मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"तुमी पाठ कुठं इचारलीत? तुमी फोटू दावला, मी फोटूतलं सांगितलं."

मी पुन्हा पत्र लिहिलं. यावेळी उत्तर लवकर आलं, पण अडचण घेऊन आलं. दगड भिंतीत सिमेंटनं पक्का बसवलेला होता. पाठ बघायची तर तो काढावा लागणार. त्याला संचालकांची मंजुरी हवी, विम्याची हवी, कुठल्याशा समितीची हवी. समिती वर्षातून दोनदा बसते. दर महिन्याला बनाबाई दीक्षाला कॉलेजात पाठवायच्या, "काढला का बग." मी मान हलवायचो. दीक्षाचा निरोप घरी पोचला की बनाबाई म्हणायच्या, "आठ गड्यांनी अर्ध्या तासात उपटला व्हता. ह्येंच्यात गडीच न्हाईत का?"

दहा महिने गेले. पंच्याण्णवच्या पावसाळ्यात जाड लिफाफा आला. मी तो न उघडताच कुपवाडला नेला. दीक्षानं सुरीनं कड कापली आणि आतून मोठा फोटो निघाला. दगडाची पाठ. त्यावर सिमेंटच्या डागांमधून स्पष्ट दिसत होतं: गँग ७. त्याच्या खाली एक गोल कोरलेला होता, मोठा, नीट, आत बारीक बारीक टिंबं.

मार्टाबाईंचं पत्र आता वेगळ्याच सुरात होतं. आम्ही सगळे थक्क झालो आहोत, लिहिलं होतं. पण हे वर्तुळ? ते सूर्यबिंब आहे का? की धम्मचक्राचं एखादं स्थानिक रूप?

मी बनाबाईंना प्रश्न सांगितला. त्यांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि एकदम हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, तरी थांबेनात. प्रियदर्शनी घाबरून रडायला लागली.

"आवं, भाकरी हाय ती!" शेवटी त्या म्हणाल्या. "म्या पार इसरलेच व्हते. दुपारच्याला आमी दगडाच्या पाठीशी बसायचो. सरकार सुकडी द्यायचं, पिवळी पिवळी, ती खाऊन समद्यांची तोंडं इटलेली. अर्जुना म्हनला, थांबा, आज मी तुमाला भाकरी वाढतो. आन बसला खोदत. चांगली जवारीची हाय बगा, वर फोडबी आल्यात. आमी सगळ्या बायका त्या भाकरीकडं बगून सुकडी खायाचो."

मग त्यांनी फोटो मांडीवर ठेवला. अर्जुना कधीच वारला होता. धोंडीबा, बनाबाईंचे मालक, तेही त्याच गँगेत होते आणि तेही आता नव्हते.

मी मार्टाबाईंना कळवलं: ते सूर्यबिंब नाही, ती भाकरी आहे. मग भाकरी म्हणजे काय, सुकडी म्हणजे काय, हे सांगायला दोन पानं लागली.

आता दगड कुठला याबद्दल शंका नव्हती, पण कागद हवा होता. दीक्षा तेव्हा बाहेरून बी.ए. करत होती. तिनं आणि मी एका सरकारी कार्यालयाच्या अडगळीत आठ शनिवार घालवले. बहात्तरच्या कामाचे गठ्ठे सापडले, काही उंदरांनी कुरतडलेले. आठव्या शनिवारी दीक्षा ओरडली. हजेरीपट होता: खडकुली ओढा ते घाट, गँग नंबर सात. नवव्या ओळीत सौ. बनाबाई धोंडीबा खरात, आणि समोर जांभळा पडलेला अंगठा. दीक्षानं त्या अंगठ्यावरून हलकेच बोट फिरवलं. "आत्या किती बारीक होत्या," ती सासूबद्दल म्हणाली, जसा काही तो फोटोच होता.

पुढची दोन-अडीच वर्षं दिल्ली, मुंबई आणि ते परदेशातलं शहर यांच्यात कागद हिंडले. त्यात सांगण्यासारखं फार नाही. कुणी वाईट वागलं नाही, कुणी घाईही केली नाही. संग्रहालयानं शेवटी दगड परत द्यायचं कबूल केलं, आणि अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत तो बोटीनं मुंबईला आणि तिथून ट्रकनं साताऱ्याला आला.

साताऱ्यात मोठा समारंभ झाला. मांडव, हार, भाषणं. पहिल्या वक्त्यानं दगडाला शिलालेख म्हटलं, दुसऱ्यानं ताम्रपट. बनाबाईंना तिसऱ्या रांगेत खुर्ची होती. मार्टाबाई स्वतः आल्या होत्या. साठीच्या, उंच, उन्हानं नाक लाल झालेल्या. भाषणं चालू असतानाच त्या उठल्या, मंचावरून खाली उतरल्या आणि माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "त्या कुठं आहेत?"

मी बनाबाईंकडं हात केला. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. मार्टाबाईंनी नमस्कार केला, बनाबाईंनी जय भीम केला. मग मार्टाबाई म्हणाल्या आणि मी मराठीत सांगितलं, "त्या पाच खाचांवर मी अकरा पानं लिहिली. सगळी चूक."

बनाबाईंनी त्यांचा हात धरला. "आवं, आमाला इचारायचं की."

ते भाषांतर करायला मला शब्द सापडेनात. मी कसंबसं सांगितलं. मार्टाबाई आधी हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "विचारायलाच हवं होतं. आधी."

मग दोघी दगडापाशी गेल्या. पहाऱ्यावरचा शिपाई हात लावू नका म्हणायला पुढं झाला, पण मार्टाबाईंनी त्याच्याकडं असं बघितलं की तो दुसरीकडं बघायला लागला. बनाबाईंनी वरच्या खाचेत अंगठा घातला आणि खालपर्यंत ओढत नेला. पाठीमागं जाऊन भाकरी तेवढी मार्टाबाईंना नीट दाखवली, फोड कुठले, कड कुठली.

दगड कायमचा साताऱ्यात ठेवायचा की गावाला द्यायचा, यावर आणखी वर्ष गेलं. गावानं पक्का चौथरा आणि वर छप्पर केलं तर देऊ, असं ठरलं. आणि मग खडकुलीला अचानक ईराचं प्रेम आलं. वरच्या आळीनं सिमेंट आणलं, वस्तीनं वाळू ओढली, तरण्या पोरांनी चौथरा बांधला. ईर कुणाच्या घराण्यातला यावर चावडीत बैठक बसली. लालासाहेब आता सत्तरीला आले होते. ते उठून म्हणाले, "आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लष्करात मानसं. माजे दोन्ही ल्योक फौजेत हायत. ईर आमचाच पूर्वज. चौथऱ्यावरच्या फळीवर आमच्या घराण्याचं नाव पायजे."

बनाबाई दाराशी बसल्या होत्या. "आण्णा," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचा आजा व्हता तर तवा टेम्पोत कशाला चढवलासा?"

आधी कुणी हसेना. मग लालासाहेबच हसले, मोठ्यानं, पोट धरून, आणि त्यांच्या मागोमाग सगळी चावडी. फळीवर फक्त गावाचं नाव घालायचं ठरलं. बैठक उठली तेव्हा लालासाहेब बनाबाईंपाशी थांबून म्हणाले, "बना, तवा म्या इचारायला पायजे व्हतं त्यास्नी. चूक माजीच."

"आण्णा, म्या वाकळ दिली की," बनाबाई म्हणाल्या. बोलताना हसल्या. मला वाटतं, त्या गोष्टीचं ओझं त्या दिवशी उतरलं.

नव्याण्णवच्या एप्रिलमध्ये क्रेन आली. ओढ्याच्या उतारावर अख्खं गाव जमलं होतं. दगड साखळीला लटकलेला, आणि इंजिनिअर साहेबांच्या हातात नकाशा. नकाशात तोंड पूर्वेला दाखवलं होतं. साहेब म्हणाले, देवाधर्माचं तोंड पूर्वेलाच असतं. वरच्या आळीतलं कुणी म्हणालं, गावाकडं करा. कुणी म्हणालं, डोंगराकडं होतं. सोळा वर्षं झालेली, कुणालाच खात्रीनं सांगता येईना. क्रेनवाला वैतागून हॉर्न वाजवायला लागला.

बनाबाईंनी गर्दीतून रंगुबाईला पुढं ओढलं. रंगुबाई आता काठी टेकत चालायची. दोघींनी चौथऱ्याकडं बघितलं, उन्हाकडं बघितलं, आणि चौथऱ्याच्या एका अंगाला जाऊन शेजारी शेजारी फतकल मारून बसल्या.

"आवं साहेब," बनाबाईंनी हाक मारली, "दुपारची सावली आमच्या डोसक्यावर पडली पायजे. आन पाठ आमच्याकडं. बास."

साहेबांनी नकाशाकडं बघितलं, मग दोन म्हाताऱ्यांकडं बघितलं आणि नकाशाची घडी घालून खिशात टाकली. "फिरव रे," ते क्रेनवाल्याला म्हणाले. दगड हवेत सावकाश फिरला आणि तोंड मावळतीला करून चौथऱ्यात उतरला. वर छप्पर घालायचं अजून बाकी होतं, त्यामुळं सावली पडली ती ईराचीच. दोघींच्या डोक्यावर बरोबर पडली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लालासाहेबांनी नारळ फोडला, वस्तीतल्या पोरींनी पेढे वाटले. रंगुबाईला झोप लागली होती. मी बनाबाईंना म्हटलं, "आता राहा चार दिवस इथंच. मोठी जेवणं आहेत उद्या."

"छ्या," त्या उठत म्हणाल्या, लुगडं झटकलं. "उद्या सांगलीत दीक्षाचा शेवटचा पेपर हाय. प्रशांतला सुट्टी न्हाई. पोरीला कोन बगनार?" आणि तेवढ्यात सडकेवर यष्टीचा आवाज आला, तर मला तसंच उभं सोडून त्या हात वर करून पळत सुटल्या.